पगारवाढीचा करार करताना या चुका टाळा

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एखाद्या कंपनीचा युनियनबरोबर पगारवाढीचा करार झाला की गेटवर गुलाल उधळतो, फटाके वाजतात आणि फलकावर एकच ओळ झळकते: 'नऊ हजारांची घसघशीत पगारवाढ'. पुढच्या महिन्यात पगाराची स्लिप हातात पडली की त्याच गेटवर कुरबुर सुरू होते, "एवढंच व्हय?" दरवेळी मालकानं फसवलेलं असतं असं नाही. करारात जे लिहिलंय तेच मिळालेलं असतं. गेट मीटिंगमध्ये सगळ्यांचा धोशा "आकडा सांगा आधी" असा असतो, त्यामुळे युनियनची कमिटीही आकड्यासाठी भांडते आणि कलमं शेवटच्या रात्री घाईत उरकली जातात.

मुळात तो आकडाच नीट वाचला जात नाही. तीन वर्षांच्या करारात नऊ हजार म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या वर्षी ४,५००, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी आणखी २,२५० - २,२५०. पूर्ण नऊ हजार फक्त शेवटचे बारा महिने मिळतात. तीन वर्षांत मिळून हातात येतात २,४३,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी ६,७५०. हीच वाढ ५०-२५-२५ ऐवजी ४०-३०-३० अशा टप्प्यांत घेतली, तर एकूण रक्कम २,२६,८०० वर येते. आकडा तोच, फलक तोच, आणि माणशी १६,२०० रुपये कमी. वाटाघाटीत पाचशे रुपयांसाठी तीन बैठका होतात आणि टप्प्यांचं कलम चहा संपायच्या आत मंजूर होतं, हे मला कधीच उमगलेलं नाही.

दुसरा प्रश्न लगेच विचारा: हा आकडा ग्रॉसचा (कपातीआधीच्या पगाराचा) की सीटीसीचा (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा)? सीटीसीचा असेल तर त्यात मालकाचा १२ टक्के पीएफ, ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद आणि किमान ८.३३ टक्के बोनस बसवलेला असू शकतो. हे कायद्यानं द्यावंच लागतं, ती वाढ नव्हे. घरभाडे भत्त्याचंही तसंच. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी किमान ५ टक्के घरभाडे भत्ता देणं महाराष्ट्रात १९८३ च्या कायद्यानंच बंधनकारक केलंय. तरी 'नवीन सवलत' म्हणून तो करारात मिरवतो.

खरी मेख मात्र रक्कम कोणत्या खात्यात पडते यात असते. बेसिक आणि डीएमध्ये (महागाई भत्त्यात) गेलेला रुपया पीएफमध्ये वाढतो, ग्रॅच्युइटीत वाढतो, बहुतेक ठिकाणी रजेच्या पैशांतही वाढतो. 'धुलाई भत्ता', 'शैक्षणिक भत्ता' अशा नावांखाली गेलेला रुपया बऱ्याचदा फक्त त्या महिन्यापुरता धरला जातो. एक साधा हिशेब करून बघा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक-डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. बेसिकमध्ये हजार रुपये जास्त पडले, तर वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी ११,५३८ रुपयांनी वाढते. रिटायरमेंटला चार-पाच वर्षं राहिलेल्या जुन्या माणसांना हे नेमकं कळतं. तरण्या पोरांना हातात येणारी रक्कम हवी असते, कारण पीएफ कापला की स्लिप हलकी दिसते. ही ओढाताण कमिटीत उघडपणे बोलली गेली पाहिजे.

पीएफवर आणखी एक बारकावा. बेसिक-डीए १५,००० च्या वर गेला की मालक आपला हिस्सा १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० रुपयांवर, थांबवू शकतो. पूर्ण बेसिक-डीएवर पीएफ हवा असेल तर तसं वाक्य करारात लागतं. 'नियमानुसार पीएफ' एवढ्यानं भागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता (नवे एकत्रित कामगार कायदे) लागू झाल्यावर यात एक भर पडली आहे. कायद्यानं 'वेतना'तून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग 'वेतन' म्हणूनच धरायचा. ३०,००० मध्ये बेसिक-डीए १२,००० आणि भत्ते १८,००० असतील, तर वेतन १५,००० मोजलं जाईल. जुन्या कराराचं परिशिष्ट तसंच पुढं ढकलणाऱ्यांनी हे गणित नव्यानं मांडावं.

डीएच्या कलमात लोक हमखास अडकतात. महागाई निर्देशांकाच्या प्रत्येक अंकामागे अमुक रुपये, एवढं लिहून मोकळं होऊ नका. कोणत्या केंद्राचा निर्देशांक, मुंबई, पुणे, सोलापूर की अखिल भारतीय? आणि पायाभूत वर्ष कोणतं? औद्योगिक कामगारांसाठीची मालिका सप्टेंबर २०२० पासून २०१६ = १०० अशी झाली. २००१ च्या मालिकेशी जोडणारा अखिल भारतीय गुणक २.८८ आहे. म्हणजे नव्या मालिकेतले ५ अंक जुन्या मालिकेतले १४.४ अंक होतात. तुमचा दर अंकाला १० रुपये २००१ च्या मालिकेवर ठरला असेल आणि हिशेब नव्या मालिकेवर गुणक न लावता होत असेल, तर १४४ रुपयांच्या जागी ५० रुपयेच पडतात. डीए कमी येतोय अशी शंका असेल तर आधी हे एक गुणोत्तर तपासा.

ईएसआयबद्दल (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल) तर वाईट वाटतं. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे. करारानं पगार त्यावर गेला की त्या सहामाहीपर्यंत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, वर्गणी सुरू राहते आणि मग कामगार योजनेबाहेर जातो. वाढ गोड लागते, पण घरात डायलिसिसचा रुग्ण असेल तर ती केव्हाच संपून जाते. म्हणून मागणीपत्रातच मेडिक्लेम टाका आणि हप्ता कोण भरणार, आई-वडील धरले आहेत का, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून चालतील का, हे लिहून घ्या. 'वेतना'च्या नव्या व्याख्येत ती २१,००० ची मर्यादा कशाकशावर मोजायची, हेही कंपनीकडून लेखी घ्या.

फौंड्रीवाल्यांसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत) उत्पादनाचं कलम पगारापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. वाढीच्या बदल्यात पाळीला बॉक्सची (ओतकामाच्या साच्यांची) संख्या वाढवून मागितली जाते. संख्या मान्य करताना कोणत्या पॅटर्नला, किती माणसांवर, हे लिहिलेलं नसतं. मोल्डिंग लाईन तयार, माणसं तयार, आणि भट्टीवरून मेटल अर्धा तास उशिरा आलं, तर ते बॉक्स कोणाच्या हिशेबात धरायचे? लाईट गेली, सँड प्लांट बंद पडला, कोअर (साच्यात बसवायचे गाभे) आले नाहीत? हे सगळं 'कामगाराच्या हातात नसलेली थांबणूक' म्हणून वजा झालं पाहिजे, आणि त्याची नोंद सुपरवायझरनं त्याच पाळीत करून सही केली पाहिजे. रिजेक्शनचंही ठरवा. मशिनिंगनंतर ब्लोहोल (आतली पोकळ भोकं) दिसलेलं कास्टिंग महिन्यानं परत येतं आणि इन्सेंटिव्ह कापला जातो तो भलत्याच पाळीचा.

जुन्या सवलतींसाठी एक ओळ पुरते, पण ती हवीच: 'या करारात उल्लेख नसलेल्या प्रचलित सवलती आहे तशा सुरू राहतील.' बूट, साबण, गणवेशाची शिलाई, बस, कँटीनचा दर, काही फौंड्र्यांत मिळणारा गूळ, सगळं या ओळीवर टिकतं.

साखर कारखान्यांची तऱ्हा वेगळी. तिथं राज्य पातळीवर कारखानदार, कामगार संघटना आणि सरकार यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. तो झाला म्हणून घरच्या कारखान्यात आपोआप लागू झाला असं धरून बसू नका. अंमलबजावणी कधी, फरक (मागच्या काळाची थकलेली वाढ) किती हप्त्यांत, हंगामी कामगारांच्या रिटेन्शनवर (हंगाम बंद असताना मिळणाऱ्या भत्त्यावर) वाढ धरली का, याचा पाठपुरावा स्थानिक युनियनलाच करावा लागतो.

फरकाबद्दल लिहायचं तर जुना करार संपल्यापासून नव्यावर सही होईपर्यंत कधी कधी वर्ष-दीड वर्ष जातं. त्या काळात रिटायर झालेले, वारलेले, राजीनामा दिलेले यांना फरक मिळणार का, हे नावानिशी परिशिष्टात हवं. कंपन्या 'ठोक रक्कम' सुचवतात. ती घेताना पीएफ आणि ग्रॅच्युइटीवरचा फरक त्यात बुडतो, हे समजून घ्या. करार संपला म्हणून त्यातल्या अटी लगेच गळून पडत नाहीत. रद्द करण्याची लेखी नोटीस दिल्यावरही साठ दिवस त्या बंधनकारक राहतात.

सही कोणासमोर झाली यालाही महत्त्व आहे. दोघांत खासगीत झालेला करार त्या दोन पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर (तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर), समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना, अगदी उद्या लागणाऱ्यांनाही, लागू होतो. दुसरी युनियन असलेल्या कंपनीत हा फरक फार महाग पडतो. कंत्राटी कामगार मात्र आपोआप त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं कलम लागतं.

आणि पगार करारासारखा पडलाच नाही तर? आधी तीन माणसांच्या स्लिपा घ्या, एक जुना, एक मधला, एक नवा, आणि परिशिष्टाच्या तक्त्याशी ओळीनं जुळवा. तफावत दिसली की युनियनच्या लेटरहेडवर पत्र द्या, पोच घ्या. तोंडी "बघतो" यावर महिने घालवू नका. करार न पाळणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे आणि त्याखालची तक्रार साधारणपणे ९० दिवसांच्या आत करावी लागते. उशीर झाला तर आधी त्या उशिराची कारणं सांगत बसावं लागतं. केंद्राच्या नव्या संहितेमुळे कोणत्या दारानं जायचं हे कामगार न्यायालयातल्या वकिलाला विचारून ठरवा, पण परिशिष्टांसकट सही-शिक्क्याची पूर्ण प्रत सोबत न्या. अनेक युनियनांकडे फक्त पहिली चार पानं असतात.