हॅम रेडिओचा लॉग: संपर्क झाला, पण जुळणी होत नाही? या चुका टाळा

हॅम म्हणजे हौशी रेडिओवरील प्रत्येक संपर्काची नोंद दोन्ही केंद्रांच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत होते, त्यामुळे आपल्या लॉगमधील चूक समोरच्या केंद्राचीही पुष्टी अडवते. मुंबईचा क्षीण संदेश ऐकण्यासाठी पहाटेपर्यंत जागलेल्या माणसाला केवळ आपण तारीख चुकवल्यामुळे क्यूएसएल, म्हणजे संपर्काची पुष्टी, मिळू नये, हे मला मनापासून खटकते.

सर्वाधिक घोटाळा वेळेचा होतो. लॉग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवायचा असतो आणि आपली घड्याळे त्याच्या साडेपाच तास पुढे असतात. १५ तारखेला रात्री १ वाजून २० मिनिटांनी झालेला संपर्क १४ तारखेच्या १९:५० ला नोंदवायला हवा. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. अनेक जण साडेपाच तास वजा करतात, पण तारीख तशीच ठेवतात. मग नोंद बरोबर एका दिवसाने चुकते. दोन्ही बाजूंचे लॉग ताडून पुष्टी देणाऱ्या ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ या ऑनलाइन सेवेवर दोन्ही नोंदींतील वेळेचा फरक ३० मिनिटांपर्यंत चालतो, त्यापुढे जुळणी होत नाही. यावर उपाय म्हणजे टेबलावर यूटीसीला लावलेले वेगळे घड्याळ ठेवणे. संगणकाचे घड्याळ मात्र हाताने मागे करू नये, कारण लॉगिंगचे सॉफ्टवेअर पुन्हा साडेपाच तास वजा करते. एखाद्या संध्याकाळच्या सगळ्याच नोंदी साडेपाच तासांनी सरकल्या असतील, तर त्या दुरुस्त करून पुन्हा अपलोड कराव्यात. जुन्या चुकीच्या नोंदी तेथे राहतात, पण त्यांचा उपद्रव होत नाही.

दुसरी मोठी चूक कॉलसाइनची, म्हणजे केंद्राच्या ओळखचिन्हाची. पावसाळ्यात विजांच्या खरखरीमुळे ४० मीटरच्या बॅण्डवर व्हीयू२ आणि व्हीयू३ या भारतीय कॉलसाइनच्या सुरुवातींतला फरकही निसटतो; मोर्समध्ये ‘एच’ आणि ‘५’, तसेच ‘बी’ आणि ‘६’ यांत एकाच टिंबाचे अंतर आहे. शंका आली तर संपर्क चालू असतानाच पुन्हा विचारावे. नंतर इंटरनेटवर शोधून जवळचे वाटणारे कॉलसाइन लिहिणे हा अंदाज झाला, त्याला नोंद म्हणता येत नाही.

खास मुंबईकरांची एक अडचण आहे. १९ अंश अक्षवृत्त शहरातूनच जाते, त्यामुळे कुलाबा ‘एमके६८’ या ग्रिडमध्ये (केंद्राचे ठिकाण सांगणाऱ्या नकाशावरील चौकटीत) येतो, तर दादर आणि मुलुंड ‘एमके६९’मध्ये. मुलुंडचा हॅम गिरगाव चौपाटीवर अँटेना लावून बसला, तर त्या दिवसाच्या नोंदी घरच्या ग्रिडखाली जाऊ नयेत. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळे स्थान तयार करून मगच लॉगवर डिजिटल स्वाक्षरी करावी. उपग्रहामार्फत झालेल्या संपर्कात उपग्रहाचे नाव आणि प्रसारणाचा प्रकार (प्रोपगेशन मोड) भरला नाही, तरी जुळणी अडते.

पुष्टी येत नसेल तर आधी यूटीसी तारीख, मग वेळ, कॉलसाइन, बॅण्ड (लहरींचा पट्टा) आणि शेवटी मोड (मोर्स, आवाज अशी संदेशाची पद्धत), या क्रमाने आपला लॉग तपासावा. बॅण्ड बदलल्यावर रिग, म्हणजे रेडिओ संच, संगणकाला जोडलेला नसेल, तर आधीचाच बॅण्ड पुढच्या दहा नोंदींत उतरतो. हे फार वेळा घडते. सगळे बरोबर असेल तर समोरच्या केंद्राला तारीख, यूटीसी वेळ, बॅण्ड आणि मोड कळवून त्याचा लॉग पाहण्याची विनंती करावी. त्याच्या उत्तरानंतरही आपण जे प्रत्यक्ष ऐकले होते, तेच आपल्या लॉगमध्ये राहू द्यावे.