तारापूरच्या एका युनिटचा कार्बन हिशेब: नव्यांसाठी

अणुवीज स्वच्छ आहे हे सगळेच म्हणतात. किती, ते कागदावर मांडताना नवखे अडखळतात. पर्यावरण किंवा ऊर्जा क्षेत्रात शिरणाऱ्यांनी पहिला सराव तारापूरच्या 540 मेगावॅटच्या एका युनिटवर, म्हणजे एका अणुभट्टीवर करावा.

वर्षभर सरासरी 85 टक्के भार धरा. 540 × 8,760 तास × 0.85 म्हणजे सुमारे 402 कोटी युनिट (किलोवॅट-तास) वीज. पहिली चूक इथेच होते, कारण ही झाली एकूण निर्मिती. केंद्रातले पंप चालवायलाही वीज लागते. ती वगळून ग्रिडला मिळतात साधारण 490 मेगावॅट, म्हणजे त्याच 85 टक्के भाराने 365 कोटी युनिट. पुढचा हिशेब याच आकड्यावर करायचा.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2014 च्या अहवालातले संपूर्ण जीवनचक्राचे, म्हणजे खाणीपासून शेवटपर्यंतच्या उत्सर्जनाचे, मध्यक आकडे घ्या. दर युनिट विजेमागे कार्बन डायऑक्साइड (समतुल्य): कोळसा 820 ग्रॅम, गॅस 490, अणुवीज 12. कोळशाऐवजी ही वीज आली तर वर्षाला 29.5 लाख टन उत्सर्जन टळतं. गॅसऐवजी धरली तर 17.4 लाख टन. तेव्हा कशाऐवजी, ते पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. अणुविजेपुढे शून्यही लिहू नका: युरेनियमची खाण, काँक्रीट, इंधननिर्मिती हे सगळं त्या 12 ग्रॅममध्ये येतं. आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचा ग्रिड घटक (ग्रिडच्या दर युनिटमागचं सरासरी उत्सर्जन) वापरलात तर लक्षात ठेवा, तो फक्त इंधन जाळण्याचा असतो. त्यातून जीवनचक्राचे 12 वजा करणं म्हणजे वेगवेगळ्या मापांची भेसळ. तपासणारा जाणकार असेल तर अहवाल तिथेच परत येतो.

राखेचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. युनिटमागे 0.7 किलो कोळसा धरला तर इतक्याच विजेसाठी वर्षाला कमीत कमी साडेसात लाख टन राख. ती टाकायला जागा लागतेच.

दुसरी बाजूही मोजायला शिका. या युनिटसारख्या जडपाण्याच्या अणुभट्टीतून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, थोड्या प्रमाणात बाहेर पडतो. पाण्याचा नमुना आधी ऊर्ध्वपातित करतात, मग सिंटिलेशन द्रावात (किरणोत्साराने चमकणाऱ्या द्रवात) मिसळून कुपी काही तास अंधारात ठेवतात. घाई केली तर रासायनिक चमकच मोजली जाते आणि आकडा फुगतो. सोबत नैसर्गिक पार्श्वभूमीचा कोरा नमुना लावायचाच. लोकांसाठी किरणोत्साराच्या मात्रेची मर्यादा वर्षाला 1 मिलिसीव्हर्ट आहे. मोजलेल्या आकड्यांवरून मात्रा काढून तिच्याशी ताडून पाहतात.