चिखलातून वीज: मीटरवरच्या आकड्याला फसू नका

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की सोलापुरात मुलं गाळातले जिवाणू वीज देतात हे दाखवायला तळ्याकाठचा गाळ बरणीत भरून आणतात. मीटर ०.८ व्होल्ट दाखवतो आणि सगळे खूश होतात. मी आधी बरणीत काय खुपसलंय ते बघतो. बहुतेकदा एकीकडे जस्ताची पट्टी, दुसरीकडे तांब्याची तार. ही वीज जिवाणूंची नव्हेच, जस्त झिजतंय त्याची आहे. लिंबातही ती मिळते.

जिओबॅक्टर हा जिवाणू १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन तो शरीराबाहेरच्या लोहखनिजाला देतो. आपण त्याच्यापुढे लोहखनिजाऐवजी कार्बन धरायचा, म्हणजे ते इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. म्हणून दोन्ही टोकांना कार्बन फेल्ट (कार्बनच्या धाग्यांचं जाड कापड) किंवा ग्रॅफाइटच वापरा. जुन्या सेलमधली काळी कांडी घेत असाल तर ती घासून स्वच्छ धुवा. तिला चिकटलेली मँगनीज डायऑक्साइडची पूडही खोटा व्होल्टेज दाखवते. तांब्याची तार ओल्या गाळाला लागू देऊ नका.

आणि एक जोड बरणी हवीच. तोच गाळ कुकरमध्ये तासभर शिजवून, थंड करून, तशीच मांडणी करा. पहिल्या काही दिवसांत दोन्ही बरण्या सारखाच आकडा दाखवत असतील, तर जिवाणूंना श्रेय देऊ नका. ही पायरी मुलं हमखास गाळतात, आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

आकडा शून्याजवळच राहिला तर खालचा कार्बन वर आलाय का बघा. तो गाळात चार-पाच बोटं खोल हवा. हवा लागली की जिवाणू इलेक्ट्रॉन ऑक्सिजनलाच देतात. वरचा मात्र अर्धा पाण्यात, अर्धा हवेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बरणीतलं पाणी बघता बघता आटतं, तेव्हा रोज पाणी घाला आणि बरणी सावलीत ठेवा. जिवाणूंचा थर बसायला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी बरणी ओतून देऊ नका.

नुसता व्होल्टेज मोजून भागत नाही. १००० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा छोटा भाग, जोडा. त्यावर ०.३ व्होल्ट टिकले तर ताकद ९० मायक्रोवॅट. लाल एलईडीलाही सुमारे १.८ व्होल्ट लागतात, म्हणून मुलं बरण्या एकापुढे एक जोडतात. त्यातल्या कमजोर बरणीची धन-ऋण टोकं उलटतात आणि सगळंच बसतं. त्यापेक्षा वीज साठवणारे काही कपॅसिटर एकेक करून बरणीवर भरा, मग ते कपॅसिटर एकापुढे एक जोडून एलईडी क्षणभर लुकलुकवा.

एवढ्याशा विजेवर घर चालणार नाही. पण सांडपाणी स्वच्छ करताना त्यात हवा भरायला भरपूर वीज जाते. हेच जिवाणू हवेशिवाय घाण खातात, वर थोडी वीजही देतात. माझी आशा तिथे आहे.