घरावर नजर ठेवायला सीसीटीव्ही कॅमेरा स्वस्तातला घ्यावा की महागातला?
दीड-दोन हजारांचा वायफाय कॅमेरा वाईट नसतो, पण घराच्या आत. आजीने दुपारची गोळी घेतली का, मांजराने दूध सांडलं का, एवढं बघायला १०८० पी, म्हणजे फुल एचडी चित्र, पुष्कळ झालं. फाटकावर किंवा पार्किंगमध्ये लावायचा असेल तर आधी खोक्यावर आयपी६६, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याची खूण, लिहिलंय का ते बघा. नाहीतर पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरू शकते. आमच्या फाटकावरच्या स्वस्त कॅमेऱ्यात रात्री माणूस दिसायचा, पण स्कूटरची नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा ठिपका! रात्री दिसावं म्हणून कॅमेरा टाकतो तो इन्फ्रारेडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड प्लेटवरून उलटा फिरतो ना. अशा जागी जास्त पैसे मोजा, पण मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलून नव्हे. दुकानदाराकडून रात्रीचं रेकॉर्डिंग मागून बघा.

महागड्यांत खरी मेख वर्गणीची. क्लाउडचे, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचे पैसे थांबले की काही कॅमेऱ्यांचं जुनं रेकॉर्डिंग बघताच येत नाही. त्यामुळे मेमरी कार्ड बसणाराच घ्या, आणि कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’चं, मोबाइलमधलं जुनं कार्ड सततच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर मान टाकतं. आणि हो, वीज गेली की कॅमेरा आंधळा. राउटर आणि कॅमेरा, दोन्हींना छोटा यूपीएस लावा.