अमेरिकेतल्या स्पीच पॅथॉलॉजी मास्टर्सचं उत्तर येईपर्यंत काय करायचं

सीएसडीकॅसवर (स्पीच पॅथॉलॉजी म्हणजे वाचा-भाषा उपचारांच्या कोर्सेससाठी एकत्र अर्ज करायची ऑनलाइन साइट) फॉर्म भरून झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसतं इनबॉक्स रिफ्रेश करणं सुरू होतं, पण वेटलिस्ट आली म्हणजे नकार नाही हं, १५ एप्रिलच्या आसपास बरेच जण एक सीट घेऊन बाकीच्या सोडतात आणि लिस्ट तेव्हाच हलते. जिथे वेटलिस्टवर आहात त्या कॉलेजांना एक छोटा मेल टाका, इंटरेस्ट अजून आहे एवढंच, रोज नको.

ऑफर आल्यावर पहिलं बघायचं ते सीएएची (तिथली हे कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता, ती नसेल तर पुढे सीसीसीचा (थेरपिस्टचं व्यावसायिक प्रमाणपत्र) रस्ता अवघड होतो. मग प्रोग्रामच्या साइटवर प्रॅक्सिस (या क्षेत्राची परीक्षा) पास रेट आणि वेळेत पूर्ण करणाऱ्यांचा आकडा शोधा, तो त्यांना जाहीर करावाच लागतो. रँकिंगपेक्षा हे बघा असं माझं स्पष्ट मत.

खरा प्रश्न विचारायचा तो क्लिनिकचा: सीसीसीसाठी लागणारे प्रत्यक्ष सरावाचे ४०० तास (त्यात २५ ऑब्झर्वेशनचे, म्हणजे नुसतं बघायचे) पूर्ण करायला प्लेसमेंट कॉलेज लावून देतं की तुम्हीच शोधायची, हॉस्पिटल मिळतं का फक्त शाळा, आणि तिथे जायला गाडी लागते का, कारण बऱ्याच गावांत बसच नसते. गाडी, इन्शुरन्स धरून हिशोब करा, नुसती ट्यूशन नका धरू. असिस्टंटशिप (कॉलेजात काम करून मिळणारी आर्थिक मदत) एक वर्षाची की दोन, हेही लेखी घ्या.

आपल्याकडून बीएएसएलपी (याच विषयाची पदवी) करून जाणाऱ्यांनी अजून एक बघा, मास्टर्सनंतर सीसीसीसाठी करायची क्लिनिकल फेलोशिप (देखरेखीखालची नोकरी) किमान ३६ आठवड्यांची असते आणि ओपीटी (स्टुडंट व्हिसावर शिक्षणानंतर काम करायची परवानगी) १२ महिन्यांचं, म्हणजे नोकरी शोधायला फार वेळ उरत नाही.