श्रीमंत देशाची मदत खरी किती, हे कसे तपासावे

श्रीमंत देशांनी गरीब देशांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हे संयुक्त राष्ट्रांचे १९७० चे उद्दिष्ट. २०२३ मध्ये ते नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, जर्मनी आणि डेन्मार्क यांनीच गाठले. कोणत्याही दात्या देशाचा टक्का ओईसीडीच्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या, संकेतस्थळावर मिळतो. तो बघून कौतुक किंवा टीका करायला घाई करू नका.

आधी देशाबाहेर न गेलेला पैसा वजा करा. निर्वासितांवर पहिल्या १२ महिन्यांत स्वतःच्याच देशात केलेला खर्च मदतीत धरता येतो. ब्रिटनने २०२३ मध्ये असे ४.३ अब्ज पौंड धरले, म्हणजे एकूण मदतीच्या पाव हिश्शाहून अधिक. निर्वासितांना आसरा द्यायलाच हवा, पण तो खर्च गरीब देशांच्या नावावर मांडू नये.

मग कर्जे. खरी मेख इथेच आहे. २०१८ पासून कर्जाची पूर्ण रक्कम मोजत नाहीत. पुढच्या सगळ्या हप्त्यांचे आजचे मूल्य काढून मुद्दलातून वजा करतात. उरेल ती मदत. हे मूल्य काढायचा वटाव दर (पुढे मिळणारा पैसा दरवर्षी किती टक्क्यांनी कमी मोलाचा धरायचा तो दर) मात्र ओईसीडीनेच ठरवलेला असतो: सर्वांत गरीब देशांसाठी ९ टक्के, भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ७. दर जितका चढा, तितकी मदत फुगते.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीच्या जपानी कर्जाच्या अटी घ्या: व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे मुद्दल फेडायचे नाही. एक्सेलमध्ये मांडा. ७ टक्क्यांनी शंभरातले सुमारे ८५ रुपये मदत ठरतात. १ टक्क्याने जेमतेम २५. जपान सरकार स्वतः हे कर्ज ठरले त्या काळात दीर्घ मुदतीचा पैसा साधारण याच दराने उभारत होते. चढ्या दरात बुडीत कर्जाची जोखीम धरली आहे, असे समर्थन होते. मला ते पटत नाही. दात्याच्या तिजोरीला किती झळ बसली हे पाहायचे असेल, तर त्याच्याच उसनवारीचा दर लावा. असे कर्ज स्वस्तच असते, घेऊही नये असे नाही. पण ते येनमध्ये फेडायचे, म्हणजे विनिमय दराचा धोका भारताचा, हेही हिशेबात लिहून ठेवा.

शेवटी निविदेच्या अटी वाचा. दात्याच्याच कंपन्यांकडून खरेदीची सक्ती असेल, तर स्पर्धा संपते आणि किंमत चढते. कधी मदतीला याहून वेगळ्या अटीही चिकटतात: मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला ब्रिटनने दिलेली मदत शस्त्रविक्रीशी जोडली गेली होती. ती १९९४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने बेकायदा ठरवली.