निसर्गाची चित्रवही: एक झाड धरा आणि वर्षभर सोडू नका

चित्रवही ठेवायची ठरलं की लोक आधी दुकान गाठतात, दोन-तीन हजारांचं सामान आणतात आणि मग ते सामान एवढं भारी वाटतं की पान खराब होईल म्हणून वही कोरीच राहते. ए५ साइजची, २०० जीएसएम (कागदाच्या जाडीचा आकडा) किंवा त्याहून जाड कागदाची वही, एचबी पेन्सिल, वॉटरप्रूफ काळं पेन आणि साध्या वॉटरकलरच्या वड्या, बास झालं. पातळ कागद मात्र नको, पाणी लागलं की पापडासारखा फुगतो.

सुरुवातीलाच डोंगर, धबधबा, सूर्यास्त काढायला जाऊ नका. घराजवळचं एकच झाड धरा. मला विचाराल तर काटेसावर, कारण तिचं वर्षभर काही ना काही चालू असतं. थंडीत पानं गळतात, जानेवारी-फेब्रुवारीत उघड्या फांद्यांवर लाल फुलं, एप्रिलच्या आसपास बोंडं फुटून कापूस उडायला लागतो, मग पालवी. फूल तोडायचं कामच नाही, खाली सडा पडलेला असतो, त्यातलं एक घरी आणा आणि निवांत बसा. पाच जाडजूड पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुपका. आधी पाकळीची बाहेर वळलेली कड काढायची, झुपका शेवटी, आणि पुंकेसर मोजत बसू नका हो, पुढचे आठ-दहा नीट काढले की मागचे नुसत्या रेघांनी भागतात. सावलीसाठी लालमध्ये काळा मिसळू नका, मळकट होतं, किंचित निळा टाका. आणि शेजारी लिहा की झाडावर कोण कोण आलं होतं, साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, खारी, जे दिसेल ते. चित्र गंडलं तरी चालतं पण तारीख, वेळ, जागा आणि हवा नाही लिहिली तर ते पान पुढच्या वर्षी काही कामाचं नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. कागद हवेनेच दमट होतो, रंग सुकत नाही, वही मिटली की समोरच्या पानावर छाप. म्हणून बाहेर फक्त पेन्सिल आणि नोंदी, रंग घरी आल्यावर, घाई असेल तर हेअर ड्रायर लांबून धरून. वही झिपलॉक पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी (नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती टाकू नका). ओली पानं-फुलं वहीत चिकटवायचा मोह आवरा, बुरशी धरते. तयार हिरवा रंग सह्याद्रीत खोटाच दिसतो, त्यापेक्षा पिवळा आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून त्यात जरासा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) टाका. या दिवसांत सुगरणीचा खोपा सापडला तर दर आठवड्याला तोच काढा, नर अर्धाच विणून थांबतो, मादीला पसंत पडला तरच पुढे पूर्ण करतो, त्यामुळे बरेच अर्धवट लटकलेले दिसतात, तेही काढा.

थंडीत धोबी पक्षी येतात, एक मिनिट स्थिर उभे राहत नाहीत. पिसं विसरा, एका पानावर भराभर दहा छोट्या आकृत्या, नुसतं अंग आणि शेपटी. उन्हाळ्यात उलटं, रंग लावेपर्यंत सुकतो, म्हणून आधी कागद पाण्याने ओला करून घ्या आणि बहावा, ताम्हण यांची फुलं सकाळी लवकरच उरका.

आणखी एक, फक्त उजव्या पानावर काढा. डावं पान पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्यासाठी कोरं सोडा, म्हणजे यंदा बहावा लवकर फुलला की उशिरा हे समोरासमोर दिसतं. आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीच्या झुडपाला मात्र ही युक्ती चालत नाही, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली २०१६ ला फुलली आणि त्यानंतर थेट २०२४ ला, तेव्हा तिचं डावं पान बरीच वर्षं कोरं राहणार.